न आवडण्याची तालीम

ढग आधी आला, खोली नंतर.

क्रम खरं तर तसा नव्हता. आधी पाटी होती, मग जिना, मग कुलूप, मग दार. पण तंद्रीनाथ सांगतात तेव्हा ढगापासूनच सुरू करतात, आणि त्यांना अडवण्यात अर्थ नसतो. दार उघडलं, समोर उतरत्या छपरात एक काचेचा चौकोन होता. कुणाच्या घरी पहिल्यांदाच आलेला माणूस चप्पल कुठे काढू असं बघत आत शिरतो, तसा एक ढग डावीकडून त्या चौकोनात आला, थोडा घुटमळला, आणि उजवीकडून निघून गेला.

तंद्रीनाथ हे काही त्यांचं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढतात. दिवसभर जमिनीखाली बघणारा हा माणूस रस्त्यावरून चालताना मात्र वर बघत चालतो, खांबाला आपटतो आणि खांबाचीच माफी मागतो. इमारतीतल्या लोकांनी हे दोनचारदा पाहिलं आणि बारसं उरकून टाकलं. बायकोलाही नाव पसंत पडलं. तोंडावर ती 'अहो' म्हणते, माहेरी मात्र 'आमचे तंद्रीनाथ'.

खोली होती पोहण्याच्या मास्तरांची. मास्तर त्याच इमारतीत सगळ्यात वर राहायचे आणि त्यांच्याही डोक्यावर, छपराखाली, ही खोली. उभा जन्म सार्वजनिक तलावाच्या काठावर गेल्यामुळे ते समोरच्याशी बोलतानासुद्धा पलीकडच्या काठावर ऐकू जाईल असं बोलत. खोलीत इतकी वर्षं तलावातून आणलेल्या, पोरांना तरंगायला देतात त्या फुटक्या फळ्या पडून होत्या. त्या काढून त्यांनी फाटकावर पाटी लावली: 'खोली भाड्याने देणे. माणूस बघून.' 'माणूस बघून' म्हणजे भाव कमीजास्त होईल, असा अर्थ सगळ्या इमारतीने लावला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

त्या दिवशी मास्तरांनी नुसती चावी हातात ठेवली, तुम्ही बघा निवांत म्हणाले, आणि औषधं आणायला गेले. आत दोघंच. जमीन लाकडी. मधल्या एका फळीवर पाय पडला की ती एखाद्या म्हातारीने 'अगं बाई' म्हणावं तशी करकरायची. गल्लीच्या पलीकडे तिकीटखिडकीवर काम करणारी एक बाई राहायची आणि सुट्टीच्या दुपारी बासरीचा सराव करायची. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी त्याच जागी अडखळायची. अडखळली की जरा थांबायची, जणू तिथे पायरी आहे.

"जरा पाठ टेकते," बायको म्हणाली आणि जमिनीवर आडवी झाली. आणि झोपली.

हे नीट समजून घ्यायला हवं. ही बाई दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते. तिथे खिडकी नाही, ट्यूबलाइट आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, "अजिबात दुखणार नाही," आणि तिच्या आवाजावर भरवसा ठेवून मोठमोठी माणसं तोंड उघडतात. घरी आल्यावर तिला झोप लागत नाही. डोळा लागलाच तर तो कसलाही आवाज झाला की उघडतो. झुरळ चालल्याचाही तिला आवाज येतो. आणि इथे ती, करकरत्या जमिनीवर, अर्धवट बासरीखाली, तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. तंद्रीनाथांचा एक पाय त्या करकरत्या फळीच्या वर अधांतरी होता. तो त्यांनी खाली टेकला नाही. मास्तरांची पावलं जिन्यात वाजेपर्यंत ते बगळ्यासारखे उभे होते, आणि वरून चौकोनात ढग येत होते, जात होते.

त्यांना खोली हवी होती ती एवढ्यासाठी. हिला इथे झोप येते.

हे एक वाक्य मास्तरांना सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

(इथे एक ढग जातो. त्याला जाऊ द्यावं.)

पण रविवारी मेहुणे आले. बायकोचा हा धाकटा भाऊ जुन्या गाड्या विकतो. जगात दोनच जातीची माणसं, घासाघीस करणारी आणि फसणारी, असं त्याचं म्हणणं, आणि भावोजींची जात त्याने साखरपुड्यातच ओळखली होती. भावोजींच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, त्यांना रिक्षावालासुद्धा जास्त सांगतो, असं तो म्हणाला. खोली आवडली आहे हे मास्तरांना कळलं की भाडं वर जाणार. तेव्हा न आवडल्याचं दाखवायचं. भावोजींनी चिडायचं, ताईने हिरमुसायचं, आणि दोघांनी निघून जायच्या बेतात दारापर्यंत यायचं. आधी घरी तालीम करायची, कारण नाराजी आयत्या वेळी येत नाही.

बायकोला हे पटलं नव्हतं. पण भावाने आपल्या घरी येऊन इतका वेळ आपल्या बाजूने बोलणं ही गोष्ट दुर्मीळ होती, म्हणून ती हो म्हणाली. तालीम अशी झाली:

तंद्रीनाथ: (कपाटाकडे खोली समजून बघत) हं.

बायको: असं नाही. तुम्ही पसंत केल्यासारखं म्हणताय. 'हं' लांबवा, आणि शेवटी खाली आणा.

तंद्रीनाथ: हंऽऽ.

बायको: आता दम लागल्यासारखं वाटतंय. राहू दे, माझं वाक्य घेते. (मोठ्याने) मला नाही राहायचं इथे. काय बघून आणलंत मला? मी निघाले.

तळमजल्याच्या काकू: (दारातून, हातात लाटणं) निघू नकोस. आधी बस. पाणी पी.

काकू धापा टाकत होत्या. तालीम चालू आहे, हे त्यांना दोघांनी परोपरीने समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि आपणही तुमच्या काकांशी भांडण झालं की लोकांना नाटकच सांगायचो, अशी प्रेमाने कबुली दिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी होती की तंद्रीनाथांचं फिसकटलं आहे आणि वरची खोली ते स्वतःपुरती घेताहेत. इमारतीच्या सचिवांनी जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याने, स्वतः एकदा असाच वर्षभर मित्राकडे राहिलो होतो, पण हिंमत सोडायची नाही, असं सांगितलं. तंद्रीनाथांचा स्वाभिमान इतका दुखावला की त्यांनी त्या भरात खरोखरच उत्तम नाराजी साधली. मेहुण्याने फोनवर शाबासकी दिली.

मग दुसरी भेट. या वेळी मास्तर हजर.

मनात: ही फळी किती गोड बोलते.

तोंडात: "जमीन फारच करकरते बुवा. डोकं उठेल माणसाचं."

भाड्याबद्दल मास्तर काही म्हणाले नाहीत. त्यांनी वाकून फळी दाबून पाहिली, तिचा आवाज ऐकला, आणि एखाद्या पोराला लागलंय असं बघावं तसं तंद्रीनाथांकडे बघितलं. पुढचे दोन दिवस वरून हातोडीचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. जमीन अशी गप्प होती की तिच्यावरून चालताना आपण नाहीच आहोत असं वाटावं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्यावर हातोडी बसून नख काळं पडलेलं. त्यामुळे खूश होणं भाग होतं. दोघं खूश झाले. नाराजीची तालीम केली होती, खुशीची नव्हती, तरी जमलं.

भाडं तिथेच होतं. उलट आता जमीन दुरुस्त.

मेहुणे म्हणाले, एक तक्रार म्हणजे काहीच नाही. आणखी एक करा, माणूस थकतो. म्हणून तिसऱ्या भेटीत बायकोने बासरीकडे कान लावून कपाळाला हात लावला आणि हे रोजचंच का, असं अगदी बारीक आवाजात विचारलं. झालं. मास्तर त्याच पावली जिना उतरले, गल्ली ओलांडून गेले, आणि बासरी त्याच ओळीत, नेहमीच्या अडखळण्याच्या जागेच्या थोडी अलीकडे, थांबली. ती पुन्हा सुरू झाली नाही. मास्तर वर येऊन म्हणाले की बाई भली आहे, वाईट वाटलं तिला, पण म्हणाली की कुणाला त्रास होत असेल तर नको. बायकोने हसून आभार मानले. तंद्रीनाथ तिच्याकडे बघत राहिले. हसू अगदी खऱ्यासारखं होतं. कुठेही शिवण दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी घरात दोघं फारसं बोलले नाहीत. बोलले ते असं: भाजी बरी झालीय का, छान झालीय. खरंच छान की छान? छान म्हणजे छान. यावर तंद्रीनाथ बराच वेळ घास हातात धरून बसले.

मेहुण्याला मात्र कोडं सुटलं होतं. हा माणूस प्रत्येक गोष्ट दुरुस्त करतोय ना, मग दुरुस्त न होणारी तक्रार करा. "आकाशाची करा भावोजी. आकाश कोण दुरुस्त करणार?"

(इथे एक ढग येतो, पण बोलणं ऐकून बाहेरच थांबतो.)

"उजेड फार येतो," चौथ्या भेटीत तंद्रीनाथ म्हणाले. काचेच्या चौकोनाकडे बघायचं त्यांनी टाळलं. "त्या काचेतून. सहन होत नाही."

त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात खोटं वाक्य होतं, आणि सगळ्यात चांगलं वठलं.

छप्पर इमारतीचं सामाईक, त्यामुळे त्यातल्या काचेला हात लावायला समितीची परवानगी लागते, आणि या समितीने गळक्या टाकीवरसुद्धा कधी वर्षाच्या आत निर्णय दिला नव्हता. पण 'भावी भाडेकरूस उजेडाचा त्रास' या विषयावर सचिवांनी त्याच दिवशी सही केली. बिचाऱ्याचं आधीच घरी बरं नाही, त्यात उजेड, असं त्यांचं म्हणणं. मास्तर खुर्चीवर चढले आणि त्यांनी काच आतून रंगवून टाकली. पांढरा रंग शिल्लक नव्हता, म्हणून करडा.

(        )

दोघांना बोलावून मास्तरांनी दार उघडलं. खोली पेटीसारखी झाली होती. मास्तरांच्या भुवईवर करडा थेंब वाळला होता आणि ते शाळेच्या पहिल्या दिवशी पोर बघतं तसे या दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

"आता कसं," बायको म्हणाली. "आता कुठे बरं वाटलं." मग तिने मास्तरांचे मनापासून आभार मानले. मनापासून मानले असं दिसलं.

जिना उतरताना मधल्या वळणावर ती थांबली, कठडा धरला आणि रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. तंद्रीनाथ दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी वळून पाहिलं. मग वर, मास्तरांच्या दाराकडे पाहिलं. मग तिच्याजवळ येऊन कौतुकाने कुजबुजले, "पुरे आता. दार लावलं त्यांनी."

ती रडायची थांबली. एकदम, नळ बंद करावा तशी. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि टेबलावरच्या त्या आवाजात म्हणाली, "अजिबात दुखलं नाही."

तंद्रीनाथांना आपण काय केलं ते कळायला घराचं दार यावं लागलं. आणि खरं सांगायचं तर तिथेही ते पुरतं कळलं नाही. कारण जिन्यातली शंका त्यांच्याबरोबर घरात आली आणि खुर्चीत बसली. मग तिने एकेक वस्तू उचलून दाखवायला सुरुवात केली. तो तपकिरी शर्ट हिला आवडतो म्हणाली होती. आपल्या आईचं येणं हिला आवडतं म्हणाली होती. आपण गातो ते. आपण. एका संसारात किती गोष्टी नुसत्या चेहऱ्याच्या तारणावर उभ्या असतात, हे त्या माणसाला प्रथमच दिसलं. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच विचारू नये हे त्यांना ठाऊक होतं.

"त्या दिवशी वर तू खरंच झोपली होतीस ना?"

बायकोने हातातली उशी ठेवली. "तुम्हाला काय वाटतं?"

"आता काही वाटतच नाही. तीच तर पंचाईत आहे."

"मग मी काय सांगू," ती म्हणाली. "हो म्हटलं तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघणार."

ते तोंडाकडेच बघत होते. ती पाठ फिरवून आडवी झाली आणि डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तंद्रीनाथांनी एका अख्ख्या वस्तीचा नळ भलत्याच रस्त्याखालून नेला. चूक लक्षात आल्यावर ट्रेसिंग कागदावरची शाई खरवडायचं पातं घेऊन ते ती रेघ हळूहळू उडवू लागले. खालचा कागद पुन्हा स्वच्छ दिसायला लागला. ते पातं हातात धरूनच ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले.

मास्तरांना त्यांनी सगळं सांगितलं. फळी आवडली होती, बासरी आवडली होती, काच तर फारच. सगळं खोटं बोललो.

मास्तर हसले. "तुम्ही फार सज्जन आहात. मी म्हाताऱ्याने एवढी खटपट केली, काळोख जरा जास्तच झाला, हे माझ्याही लक्षात आलंय. पण म्हणून माझं मन राखायला असं काही सांगू नका."

तंद्रीनाथांनी शपथ घेतली. मास्तरांनी ती शपथही सज्जनपणात जमा केली. तंद्रीनाथ खरोखर चिडले. मास्तर म्हणाले, बघा, उजेडाचं बोललात तेव्हाही असेच चिडला होतात. समोरच्या बासरीवाल्या बाईकडे जाऊन विनवणी केली, तर ती दारातच नम्रपणे म्हणाली की तुम्हाला ऐकायचंय की मला बरं वाटावं म्हणून म्हणताय हे मला कळत नाही, आणि ते डोक्यात आलं की बोटं चालत नाहीत. सचिवांनी नियम सांगितला: उजेडाच्या तक्रारीवरून काच झाकलेली आहे, आता उघडायची तर काळोखाची तक्रार हवी, आणि एकाच माणसाला दोन्ही त्रास होऊ शकत नाहीत. मग आवाज उतरवून विचारलं, वहिनी काय म्हणतात.

तंद्रीनाथ परत वर आले आणि मास्तरांसमोर पायरीवर बसले. कोणतंच खरं वाक्य चालत नव्हतं. खिशातल्या खोट्या नाण्यांत एखादं खरं सापडावं आणि दुकानदाराने तेही आपटून परत द्यावं, तसं झालं होतं.

"मास्तर, तुम्ही प्रत्येक तक्रार खरी कशी काय धरलीत?"

मास्तरांनी प्रथमच आवाज खाली आणला. "सवय हो. तलावात पोरं उगीचच हाका मारतात, बुडालो बुडालो. मी दर वेळी उडी टाकायचो. खरी की खोटी ते बाहेर काढल्यावर बघू. माझं काय, कपडे भिजायचे. पण काठावरची बाकीची पोरं... ती मग खऱ्या हाकेलाही मान वर करून बघेनाशी व्हायची. त्याची भीती वाटायची मला."

तंद्रीनाथांना जिन्यातलं वळण आठवलं. आपण मान वर केली होती, पण मास्तरांच्या दाराकडे.

ते उठले, वर गेले, खुर्ची ओढली, चढले, आणि खिशातलं पातं काढून काचेवरचा रंग खरवडायला लागले. एक कोपरा. मग त्याच्या शेजारचा. करडे पापुद्रे डोक्यावर, पापण्यांवर, उघड्या तोंडात पडत होते. खाली मास्तर गोंधळून उभे. मग ते जिन्यातून, थेट पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात, वहिनींना हाका मारू लागले: तुमचे हे वर खुर्चीवर चढलेत आणि मला काहीच कळेना झालंय. काकू आल्या, बँकवाला आला, सचिव नियम घेऊन आले. बायको सगळ्यांत शेवटी आली, कामावरून नुकतीच परतलेली, पर्स खांद्यावर तशीच.

काच हातभर मोकळी झाली होती. त्यातून उजेडाची एक पट्टी तिरकी उतरून जमिनीवर पडली होती.

"वहिनी, तुम्हीच सांगा," मास्तर म्हणाले. "ही तक्रार आहे, की आवडलंय?"

बायकोने वर पाहिलं. नवऱ्याचा चेहरा करड्या रंगाने असा माखला होता की त्यावर काहीही लिहिलेलं वाचता येत नव्हतं. नुसते दोन डोळे होते, पाणावलेले, आणि त्यात रंग गेला असण्याचीही शक्यता होती.

"त्यांच्या तोंडावरून नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "पण घरी साधा बल्ब बदलायचा तरी ते खुर्चीवर चढत नाहीत. घेरी येते त्यांना."

हे तंद्रीनाथ तोवर विसरले होते. आता त्यांना आठवलं आणि त्यांनी छपराची तुळई घट्ट धरली. त्यांना खाली उतरवायला बँकवाला आणि सचिव दोघं लागले. या गडबडीत नियमाचं राहून गेलं. मास्तर कधी खाली गेले आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आले ते कुणाला कळलं नाही. ते खुर्चीवर चढले आणि उरलेला रंग काढायला लागले. काढता काढता एकदा थांबून एवढंच म्हणाले, की खोली याच माणसांना द्यायची, पण पुढच्या वेळी काही हवं असेल तर नुसतं मागा.

संध्याकाळ होत आली होती. लोक एकेक करून उतरले, मास्तरही सुरी धुवायला गेले. पलीकडची बासरी गप्पच होती. ती पुढे कितीतरी आठवडे गप्प राहिली. फळी तर कायमचीच मुकी झाली. चौकोन ओरखड्यांनी भरला होता, कडेला करडा रंग तसाच राहिला होता, आणि त्या ओरखड्यांमधून एक पातळ, उशिरा घरी निघालेला ढग जात होता.

बायकोने पर्स उशाशी घेतली आणि पापुद्र्यांनी भरलेल्या जमिनीवर आडवी झाली. डोळे मिटले. तंद्रीनाथ भिंतीला टेकून बसले. ते तिच्या तोंडाकडे बघणार होते, पण त्यांनी ढगाकडे बघितलं.

बराच वेळ गेला.

"झोपलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," ती म्हणाली.

आणि त्यांनी विश्वास ठेवला.